'फास्ट' म्हणजे जलद, पक्का की उपास?

प्रश्न विचारणारा तरुण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराचा मुलगा आहे, वडिलांच्या हाताखाली नुकताच धंद्यात उतरलेला. आखातातल्या एका खरेदीदाराचा त्याला सात-आठ ओळींचा मेल आला आणि त्यात 'फास्ट' हा शब्द तीनदा निघाला. आधी 'आर द कलर्स फास्ट?', मग 'वी नीड फास्ट डिलिव्हरी', आणि शेवटी 'ड्युरिंग द फास्टिंग मंथ अवर ऑफिस क्लोजेस ॲट टू'. फोनमधल्या भाषांतरानं पहिल्या वाक्याचं 'रंग वेगवान आहेत का?' असं करून दिलं. त्याचं विचारणं असं की एकाच शब्दाला इतके अर्थ आले कुठून, ते पाठ कसे करायचे, आणि कुठं कुठला घ्यायचा हे ओळखायचं कसं.

आधी मेलचं बघू, कारण खरेदीदार थांबत नाही. पहिल्या वाक्यात तो विचारतोय, रंग पक्के आहेत का, धुतल्यावर जातात का. दुसऱ्यात त्याला माल लवकर हवाय. तिसऱ्यात तो सांगतोय की रमजानच्या महिन्यात, म्हणजे रोजांच्या दिवसांत, आमचं ऑफिस दुपारी दोनला बंद होतं. तेव्हा फोन त्याआधी करा आणि आपल्या-त्यांच्या घड्याळातला फरकही लक्षात ठेवा. तुम्हाला आज एवढं पुरेसं आहे. पण तुम्ही 'का' असं विचारलंय, आणि तीसएक वर्षं सोलापुरात चादर-टॉवेलवाल्यांची पत्रं, दवाखान्यांचे कागद आणि कोर्टातले दस्त इकडचे तिकडे करण्यात घालवल्यावर माझं ठाम मत झालंय की या 'का'चं उत्तर ज्याला मिळालं, त्याला पाठांतर करावं लागत नाही.

'फास्ट'चा मूळ अर्थ जलद नाही. मूळ अर्थ घट्ट. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'फॅस्ट' असा होता आणि त्याचा अर्थ होता रोवलेलं, न हलणारं, न सुटणारं. वेगाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याचा जर्मन भाऊ 'फेस्ट' आजही 'घट्ट, पक्का' याच अर्थानं वापरात आहे. इंग्रजीतही जुना अर्थ मेलेला नाही, जोडशब्दांत आणि ठरावीक प्रयोगांत तो मुक्कामाला आहे. 'फासन युवर सीट बेल्ट' म्हणजे पट्टा घट्ट लावा. तिथं 'फास्ट'चंच क्रियापद झालंय, फक्त 'ट'चा उच्चार गळालाय. 'होल्ड फास्ट' म्हणजे घट्ट धरून राहा. 'स्टक फास्ट' म्हणजे पक्कं अडकलेलं. 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला. माझ्या एका विद्यार्थ्यानं त्याचं 'लवकर झोपला' केलं होतं. 'फास्ट फ्रेंड्स' म्हणजे जिवलग मित्र, त्यात पटकन झालेल्या ओळखीचा काही भाग नाही. 'हार्ड अँड फास्ट रूल' म्हणजे इकडचा तिकडे न होणारा नियम. हा प्रयोग जहाजांवरून आला. जहाज वाळूत असं रुतलं की जागचं हलेना, तर ते 'हार्ड अँड फास्ट' झालं म्हणायचे.

मग न हलणाऱ्या शब्दातून पळणारा शब्द निघाला कसा? इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं इथं अडतात, पण मराठी माणसानं अडायचं कारण नाही, कारण आपण तेच करतो. 'दोर जोरात धर' म्हणतो आणि 'जोरात पळ' असंही म्हणतो. पहिल्या वाक्यातलं 'जोरात' घट्टपणा सांगतं, दुसऱ्यातलं वेग. दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट, ताकद लावून करणं. इंग्रजीत अगदी हेच झालं. 'फास्ट' लढणं म्हणजे नेटानं लढणं, 'फास्ट' धावणं म्हणजे नेटानं धावणं, आणि जो नेटानं धावतो तो वेगानंच धावतो. सुमारे 800 वर्षांपूर्वी हा वेगाचा अर्थ क्रियाविशेषणाला चिकटला. 'फास्ट हॉर्स', 'फास्ट शिप' असा विशेषणाचा वापर त्यानंतर बराच पुढं आला. आणि मग नव्यानं आलेला भाडेकरू घरमालकापेक्षा मोठा झाला, इतका की आज शाळेतल्या मुलाला पहिला अर्थ विचारला तर तो 'जलद' हाच सांगतो.

आपल्या गावात तर या गोष्टीला आणखी दोन साक्षीदार आहेत. साखर पेठेत किंवा अशोक चौकाकडं एखाद्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकराच्या घरात जाऊन बसा. तेलुगूत 'गट्टिगा पट्टुको' म्हणजे घट्ट धर, आणि 'गट्टिगा अरिचाडु' म्हणजे जोरात ओरडला. 'गट्टिगा' तोच. कन्नडातही 'गट्टि' म्हणजे घट्ट, आणि 'गट्टियागि' म्हणजे घट्टही आणि मोठ्यानंही. घट्टपणातून जोर, जोरातून आवाज किंवा वेग, ही वाट माणसाच्या बोलण्यात फार जुनी आहे. सोलापूरच्या पोराच्या कानावर तीन भाषांतून ती लहानपणापासून पडलेली असते. त्याला हे परकं वाटायला नको, आणि मला दुःख याचंच होतं की शाळेत त्याला हे कुणी दाखवत नाही. 'फास्ट म्हणजे जलद' एवढं फळ्यावर लिहून धडा पुढं सरकतो.

याची किंमत काय पडते ते मी स्वतः भोगलंय. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा पत्रं फॅक्सवर यायची, तो चकचकीत गुंडाळणारा कागद. एका निर्यातदाराला आलेल्या पत्रात ओळ होती, 'ऑल बेल्स टु बी मेड फास्ट बिफोर लोडिंग'. मी लिहून दिलं, 'लोडिंगपूर्वी सर्व गाठी लवकर तयार कराव्यात'. कारखान्यात सगळ्यांनी रात्रपाळी केली, माल चार दिवस आधी बांधून झाला, मालक खूश. खरेदीदाराला म्हणायचं होतं की गाठी कंटेनरमध्ये भरताना पट्ट्यांनी जखडून टाका. 'मेक फास्ट' हा खलाशांचा शब्दप्रयोग, होडी धक्क्याला बांधतात तसं पक्कं बांधणं. गाठी जखडल्या गेल्या नाहीत. समुद्रात कंटेनर हलला तशा त्या एकमेकींवर घासल्या, वरची वेष्टणं फाटली, कडेचा माल मळला आणि बिलातून रक्कम कापली गेली. मालक मला एक शब्दही लावून बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. वाक्यात 'मेड' हा शब्द 'फास्ट'च्या अगदी शेजारी उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं नव्हतं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: शब्दाकडं बघण्याआधी त्याच्या शेजाऱ्याकडं बघायचं. 'फास्ट'च्या मागं 'मेक' किंवा 'होल्ड' असेल तर बांधणं-धरणं. पुढं 'अस्लीप' असेल तर गाढ. शेजारी घड्याळ असेल तर पुढं गेलेलं. 'माय वॉच इज फाइव्ह मिनिट्स फास्ट' म्हणजे पाच मिनिटं पुढं. आणि पुढं 'टु' आला की कान टवकारायचे. 'फास्ट टु वॉशिंग', 'फास्ट टु लाइट', 'फास्ट टु रबिंग'. हा 'टु' तुमच्या धंद्यातला सगळ्यांत महागडा शब्द आहे, म्हणून इथं थोडं थांबतो.

आपले रंगारी काय म्हणतात ते आठवा. 'रंग धरलाय काय?' 'धरलाय की ओ, बघा पाण्यात.' रंग धरतो, रंग बसतो, नाहीतर रंग सुटतो, उतरतो, जातो. मराठीनंही इथं पकडीचीच भाषा निवडली आहे, आणि 'फास्ट कलर'चा अर्थही धाग्याला धरून बसलेला रंग हाच. प्रश्न एवढाच की कशापुढं धरून बसलेला? साबणाच्या पाण्यात न सुटणारा रंग उन्हात विटू शकतो. उन्हात टिकणारा रंग घासल्यावर हाताला लागू शकतो. मराठीत आपण 'पक्का रंग' म्हणून मोकळे होतो. इंग्रजी 'टु' लावून विचारतं, कशाला पक्का?

एक गोष्ट डोळ्यांनी बघा, म्हणजे विसरणार नाही. मरून रंगाचा नवा टॉवेल घ्या. पांढरा सुती रुमाल बोटाला गुंडाळा आणि टॉवेलवर दाबून दहा वेळा पुढं-मागं घासा. रुमाल बहुतेक स्वच्छ राहील. आता तोच रुमाल पाण्यात बुडवून पिळून घ्या आणि दुसऱ्या जागी तसंच दहा वेळा घासा. कोपऱ्यावर फिकट गुलाबी डाग दिसला, तर तुमचा रंग कोरड्या घासणीला पक्का आहे पण ओल्या घासणीला नाही. गडद रंगांत हे फार वेळा होतं. सुताला लावलेल्या रिॲक्टिव्ह रंगाचा एक भाग धाग्याच्या सेल्युलोजशी रासायनिक बंधानं जोडला जातो, तो सहसा सुटत नाही. पण काही भाग पाण्याशीच क्रिया करून निकामी होतो आणि धाग्यात नुसता अडकून बसतो. गरम पाण्याचं सोपिंग, म्हणजे साबणाची धुलाई, नीट झालं नाही की तोच पुढं गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या चादरीवर उतरतो. व्हॅट रंगांची तऱ्हा वेगळी. ते मुळात पाण्यात विरघळतच नाहीत. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोस या रसायनांच्या मदतीनं त्यांना तात्पुरतं विरघळवून धाग्यात शिरवतात आणि मग हवेतला ऑक्सिजन लागला की ते आतल्या आत पुन्हा न विरघळणारे होऊन बसतात. आत शिरून दार लावून घेतल्यासारखं. नीळ हा त्यातलाच. म्हणून व्हॅटचं धुण्यातलं पक्केपण चांगलं मानतात.

प्रयोगशाळेत हे सगळं अंकांत येतं. धुण्याच्या आणि घासण्याच्या पक्केपणाला 1 ते 5 अशी श्रेणी असते. 5 म्हणजे काही फरक नाही, 1 म्हणजे सगळ्यांत वाईट. उजेडाच्या पक्केपणाला मात्र 1 ते 8, आणि तिथं 8 सर्वांत उत्तम. इथं गफलत होते. एखाद्याला उजेडाचा 5 मिळाला की तो 'पैकीच्या पैकी' समजतो, आणि तो तर मधलाच अंक असतो. अहवालावर 'फास्टनेस टु लाइट' असं लिहिलेलं वाचलंत की आधी मनात आठाची पट्टी धरा, मग अंक बघा. याच 'फास्टनेस'चा आणखी एक, ऐटदार अर्थ आहे: दुर्गम किल्ला. 'माउंटन फास्टनेस' म्हणजे डोंगरातला बळकट गड. शत्रूला हलवता येत नाही तो गड आणि साबणाला हलवता येत नाही तो रंग, दोघांनाही इंग्रजी एकच शब्द वापरतं. मला हे फार सुंदर वाटतं.

आता उपास. हा अर्थ तुम्हाला सगळ्यांत तुटक वाटला असेल, पण तोही त्याच मुळाचा. चौथ्या शतकात गॉथिक भाषेत झालेल्या बायबलच्या भाषांतरात 'फास्तान' हे क्रियापद 'राखणे, पाळणे' या अर्थानंही येतं आणि 'उपवास करणे' या अर्थानंही. म्हणजे स्वतःला नेमात घट्ट धरणं. आणि आपण काय म्हणतो? उपास धरला. उपास पाळला. संध्याकाळी उपास सोडला. चुकून काही तोंडात गेलं तर उपास मोडला. धरणं, सोडणं, मोडणं, सगळी मुठीची भाषा. इंग्रजीत सकाळचा नाश्ता म्हणजे 'ब्रेकफस्ट', रात्रभराचा उपास मोडणं. आपण आणखी एक विशेषण जोडतो: कडक उपास. ज्या गावात भाकरीही कडक असते, ऊनही कडक असतं आणि चहाही कडक लागतो, तिथं एका शब्दाला पाच अर्थ कसे फुटतात हे मी वेगळं काय समजावणार? कडक भाकरीतला कडकपणा हाताला लागतो, कडक उन्हातला डोक्याला, कडक उपासातला मनाला. 'फास्ट'ची वाढ अशीच झाली.

फरक असा की इथं मराठी इंग्रजीपेक्षा बारीक विणते. इंग्रजीच्या एका 'फास्ट'ला आपल्याकडं निदान पाच शब्द आहेत. आषाढी एकादशीला पंढरपूरच्या वाटेवर असतो तो उपास. मागण्यांसाठी जिल्हाधिकारी कचेरीसमोर मांडव घालून बसतात ते उपोषण. रमजानमधला तो रोजा. वैद्य सांगतात ते लंघन. आणि रक्त तपासायला जाताना असतं ते उपाशीपोटी. 1932 च्या सप्टेंबरात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात जे सुरू केलं ते इंग्रजी वर्तमानपत्रांत 'फास्ट अन्टु डेथ'. त्याचं मराठी 'मरेपर्यंत उपास' असं केलं तर शब्द बरोबर येतील आणि अर्थ हातातून जाईल. ते आमरण उपोषण. उपासात देव समोर असतो, उपोषणात सरकार. भाषांतर करणाऱ्यानं कोण कुणासमोर बसलंय हे पाहिल्याशिवाय लेखणी उचलू नये.

यातली 'उपास' आणि 'उपाशीपोटी' ही जोडी जिवाशी खेळते, म्हणून सविस्तर सांगतो. आमच्या गल्लीतल्या एका आजींना डॉक्टरांनी 'फास्टिंग शुगर' करून आणायला सांगितलं. घरच्यांनी त्यांना सांगितलं, 'उपासाची शुगर करायचीय.' आजी गेल्या एकादशीला. सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि केळं खाऊन, म्हणजे त्यांच्या हिशेबानं अगदी उपासात. आकडा अर्थातच भलता वाढलेला आला. डॉक्टरांनी गोळी वाढवायला कागद ओढला आणि सहज विचारलं, 'आजी, सकाळी काय खाल्लं?' त्या म्हणाल्या, 'काही नाही हो, उपास आहे आज.' हे 'काही नाही' म्हणजे खिचडी, हे सून बरोबर होती म्हणून कळलं. आपल्या उपासात काय खायचं याची यादी असते: भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं, बटाट्याचा कीस. 'फास्टिंग' रक्ताला अशी कुठलीही यादी मंजूर नाही. किमान 8 तास पोटात अन्न, दूध, साखरेचा चहा यातलं काही नको. साधं पाणी मात्र चालतं. आणि इथं दुसऱ्या टोकाची चूक करणारेही भेटतात, जे 'फास्टिंग' म्हणजे निर्जळी समजून मे महिन्याच्या सोलापुरी उन्हात घोटभर पाण्याशिवाय रांगेत उभे राहतात. म्हणून मी दवाखान्याचा कुठलाही कागद मराठीत करताना 'उपवास' हा शब्द ठेवत नाही. 'रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता, उपाशीपोटी यावे. साधे पाणी प्यायला हरकत नाही' असं लांबलचक लिहितो. लांबलं तर लांबू दे. ज्या आकड्यांवर निदान ठरतं, म्हणजे 100 मिलिग्रॅमच्या आत ठीक आणि 126 किंवा वर गेल्यास पुन्हा तपासून मधुमेह, ते उपाशीपोटीचे आकडे आहेत, खिचडीनंतरचे नव्हेत.

दवाखान्यातच आणखी एक 'फास्ट' भेटतो आणि तो थेट तुमच्या डाईंग हाऊसचा नातेवाईक निघतो. क्षयरोगाच्या संशयितांची थुंकी तपासतात. अहवालावर 'एएफबी' असतं, म्हणजे 'ॲसिड फास्ट बॅसिलाय'. त्याचं 'आम्ल-जलद जंतू' असं केलेलं भाषांतर मी छापील कागदावर वाचलंय आणि वाचून गप्प बसवलं नाही. पत्र लिहून कळवलं. काचेच्या पट्टीवरच्या थुंकीला लाल रंग देतात, खालून गरम करतात आणि मग आम्लानं धुतात. इतर बहुतेक जंतूंचा रंग आम्लात उतरतो. क्षयाच्या जंतूचं बाहेरचं आवरण मेणासारखं असल्यामुळं तो लाल रंग सोडत नाही. मग निळा रंग देतात. सूक्ष्मदर्शकात निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसल्या की क्षयाचा पुरावा हाती लागतो. रॉबर्ट कॉखनं हा जंतू सापडल्याचं जाहीर केलं 24 मार्च 1882 ला, आणि त्याच वर्षी पॉल एर्लिखनं दाखवून दिलं की हा जंतू आम्लालाही दाद देत नाही. 'ॲसिड फास्ट' म्हणजे आम्लापुढंही रंग धरून बसणारा. आपला रंगारी हे वाचेल तर एका वाक्यात समजेल: 'ॲसिडला पक्का.'

बाकीचे अर्थ झटपट उरकतो, कारण त्यात अडायला काही नाही. 'थिक अँड फास्ट' म्हणजे एकामागून एक, धडाधड. 'नॉट सो फास्ट' म्हणजे थांबा, एवढी घाई नको. 'पुल अ फास्ट वन' म्हणजे गंडवणं. फोटोग्राफरची 'फास्ट' फिल्म म्हणजे कमी उजेडातही पटकन उमटणारी. रेल्वेच्या पाटीवरचं 'सुपरफास्ट' म्हणजे सरासरी ताशी 55 किलोमीटर किंवा अधिक. सिद्धेश्वर एक्स्प्रेस आणि हुतात्मा एक्स्प्रेस त्यात मोडतात. 'प्ले फास्ट अँड लूज' मात्र गोष्टीसकट सांगण्यासारखा आहे. इंग्लंडच्या जत्रांत एक भामटेगिरीचा खेळ चालायचा. चामड्याचा पट्टा दुमडून गुंडाळायचा आणि गिऱ्हाइकानं त्याच्या घडीत सळई खुपसून पट्टा टेबलाला घट्ट खिळवायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, पक्का अडकला. खेळ मांडणारा दोन्ही टोकं ओढायचा आणि पट्टा सुटा व्हायचा. घट्ट म्हणता म्हणता सैल. त्यावरून, दिलेल्या शब्दाशी असा खेळ करणाऱ्याला ही म्हण लागली.

व्याकरणातला एक काटाही काढून टाकतो, कारण तुमच्या मेलमध्ये तो मला दिसला. तुम्ही उत्तराच्या मसुद्यात 'वी विल सेंड फास्टली' लिहिलंय. 'फास्टली' हा शब्द आजच्या इंग्रजीत चालत नाही. 'स्लो'चं 'स्लोली' होतं म्हणून 'फास्ट'चं 'फास्टली' व्हावं हा तर्क सरळ आहे, चूक तुमच्या बुद्धीची नाही. जुन्या इंग्रजीत क्रियाविशेषणाला शेवटी 'ए' लागायचा, 'फॅस्टे'. पुढं शब्दांच्या शेवटचे स्वर झिजून गेले आणि विशेषण व क्रियाविशेषण एकसारखे दिसू लागले. 'हार्ड'चंही असंच, 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कसून काम करतो, आणि 'हार्डली वर्क्स' म्हणजे क्वचितच काम करतो. तिथं 'ली' लावलात तर अर्थच उलटा होईल. म्हणून 'वी विल सेंड इट फास्ट' लिहा, नाहीतर धंद्याच्या पत्रात शोभेल असं 'क्विकली' किंवा 'प्रॉम्प्टली' वापरा.

आता पाठांतराचं. 'फास्ट' हा या जातीतला लहान शब्द आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती, शेकडो अर्थांची. पुढं नव्या आवृत्तीचं काम करताना 'रन' त्याच्याही पुढं गेला. हे कुणी पाठ करत नाही, इंग्रजही नाही. तुम्हीही मराठीतलं 'लावणे' कधी पाठ केलं नाही. दिवा लावला, दार लावलं, झाड लावलं, कामाला लावलं, गाणं लावलं, नाट लावली. परक्याला यातलं एकेक कोडं वाटेल. तुम्हाला शेजारचा शब्द ऐकू येतो आणि अर्थ आपोआप उघडतो. इंग्रजीतही कानाला तीच सवय लावायची. एक दोनशे पानी वही करा. 'फास्ट = जलद, पक्का, उपास' असं उभं लिहू नका. आलेल्या पत्रातलं पूर्ण वाक्य लिहा, शेजारच्या शब्दाखाली रेघ मारा आणि खाली मराठी वाक्य तुम्ही वडिलांशी बोलताना जसं बोलाल तसं लिहा. माझी पहिली वही त्या गाठींच्या वाक्यानं सुरू होते, तारखेसकट. महिन्याभरात पंधरा वाक्यं जमली तरी पुष्कळ. वर्षानं तुम्हाला त्या वहीची गरज पडणार नाही, तरी ती जपून ठेवा, कारण कारखान्यात पुढं येणाऱ्या पोराला तीच कामाला येईल.

शेवटी तुमचं उत्तर. नुसतं 'येस, कलर्स आर फास्ट' लिहून पाठवू नका. त्यानं 'टु' लावला नव्हता, तुम्ही लावा. त्याला कळेल की समोरचा माणूस धंदा जाणतो, आणि उद्या तक्रार आली तर तुम्ही नेमकं काय कबूल केलं होतं हेही कागदावर राहील. 'द कलर्स आर फास्ट टु वॉशिंग ॲट सिक्स्टी डिग्रीज. द लॅब रिपोर्ट इज अटॅच्ड' असं लिहा, अर्थात अहवालात साठ अंशांना निदान 4 श्रेणी असेल तरच. नसेल तर चाळीस अंशांची चाचणी घ्या आणि चाळीसच लिहा. दुसऱ्या मुद्द्याला 'लवकर' असं मोघम न लिहिता माल न्हावा शेवा बंदराला कुठल्या तारखेला पोचेल ते लिहा. तिसऱ्यासाठी 'रमजान मुबारक' म्हणा आणि त्यांच्या वेळेनुसार सकाळी अकराला फोन करतो म्हणून कळवा. आणि तुमच्या यादीत मरून रंग आहे, तो मी पाहिलाय. त्याची ओल्या घासणीची चाचणी होऊन अहवाल हातात येईपर्यंत 'टु रबिंग' हे दोन शब्द त्या पत्रात घालू नका.